बाटली छातीच्या वर उचलू नका, एवढं तरी कोणीतरी लिहून लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे बाबा 64 वर्षांचे, आम्ही डिचोलीचे, आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवला आणि विडी काही सुटली नाही. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, जवळच्या एका दवाखान्यात तीन आठवडे नुसत्या गोळ्या आणि इंजेक्शनं, ताप उतरायचा परत चढायचा, शेवटी मीच हट्ट करून एक्स-रे काढायला लावला तेव्हा कळलं की डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचून त्याचा पू झालाय. पू पातळ असतो तोवर नळी घालून निघून जातो म्हणे, आमचा वेळ गेलेला, फुप्फुसावर जाड साल धरलेली, ती सोलून काढायला छातीचं ऑपरेशनच.

ऑपरेशन दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात झालं, दीनदयाळ कार्डावर. (गोवा सरकारची 2016 ची ही आरोग्य विमा योजना, तीन माणसांपर्यंतच्या घराला उपचारासाठी वर्षाला 2.5 लाख, मोठ्या घराला 4 लाख. कार्ड रिन्यू करायचं राहिलं असेल तर आधी ते करा.) सर्जनबद्दल बोलायला जागाच नाही, हात सोन्याचा. मला लिहायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल.

छातीतून दोन नळ्या, खाली पाण्याच्या दोन बाटल्या. श्वास घेतला की नळीतलं पाणी वरखाली होतं, खोकला आला की बुडबुडे. पहिल्या रात्री बुडबुडे बघून माझी तर पाचावर धारण बसली, सिस्टरकडे धावलो. ती शांतपणे म्हणाली, "हवा बाहेर पडतेय, पडू दे. फक्त बाटली छातीच्या वर उचलायची नाही, पाणी उलटं आत जाईल." आणि दुसऱ्या सकाळी एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने तीच बाटली उचलून सरळ बाबांच्या पोटावर ठेवली! मी ओरडलो म्हणून खाली आली. शेजारच्या खाटेवर तर एक सून बुडबुडे थांबावेत म्हणून नळी मुडपून धरायला निघाली होती, म्हणजे हवा आतच कोंडली असती. तिची काय चूक, तिला सांगितलं कोणी?

तीन बॉलवालं श्वासाचं यंत्रही तसंच, अख्खा वॉर्ड त्यात फुंकत होता. फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या तेव्हा कळलं की फुंकायचं नाही, ओढायचं असतं. उशी छातीला घट्ट धरून खोकायचं हेही त्यांनीच शिकवलं, बाबा वैतागून म्हणाले "मला मारायलाच आणलंस काय रे", पण सहाव्या दिवशी दोन बॉल वर गेले तसे गप्प झाले. या मॅडम येणार दिवसातून एकदा, बाकीचे तेवीस तास नातेवाईकच ना खाटेपाशी?

डिस्चार्जचा कागद सगळा इंग्रजीत. घरी आल्यावर नळीच्या जागेतून पाणी झिरपायला लागलं, रात्री अकरा वाजता फोन कुणाला करायचा ते त्यावर नाही. 1842 पासून ज्या गोव्यात डॉक्टर तयार होतात तिथे मराठी-कोंकणीत एक पान छापून खाटेला अडकवणं आणि खाली वॉर्डचा नंबर लिहिणं काही फार अवघड नसावं.

मजकुरासाठी कमिटी वगैरे नको, त्या रात्रपाळीच्या सिस्टरकडून लिहून घ्या, तिला पाठ आहे.

एक वाचक, डिचोली