विषय: ड्रायव्हर अपडेटनंतर बंद पडलेला कीबोर्ड आणि सर्व्हिस सेंटरचे चुकीचे निदान

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी घाटंजी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखले, पीक विमा, सगळे काम तुमच्या कंपनीच्या एकाच लॅपटॉपवर चालते. 28 जुलैच्या रात्री तुमच्याच अपडेट ॲपने कीबोर्डचा नवा ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकला. सकाळी पासवर्ड टाकायला गेलो तर एकही बटण चालेना. यूएसबी कीबोर्ड लावला, तोही बंद. टचपॅड तेवढे चालू होते.

पीक विम्याची मुदत 31 जुलैला संपत होती. झड लागलेली, डवरणी थांबलेली, त्यामुळे सकाळपासूनच गर्दी. लॉगिनच्या पडद्यावरून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला आणि आधारचे बारा आकडे, खाते क्रमांक, गट क्रमांक टचपॅडने एकेक करून टिपत बसलो. एका आजींच्या फॉर्मला पाऊण तास लागला. खाते क्रमांक दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्यांनी ओलसर पासबुक पदराने पुसून पुन्हा माझ्यापुढे धरले. त्या दिवशी नऊच फॉर्म झाले. एरवी चाळीस होतात. बाकीच्यांना चिखल तुडवत परत जावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

30 तारखेला एसटीने यवतमाळला तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मशीन न उघडताच 'आत ओल गेली, वॉरंटीत बसत नाही' असे सांगितले. नव्या कीबोर्डचे 3,400 रुपये सांगितले आणि तपासणीचे 450 घेतले. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) हाच कीबोर्ड व्यवस्थित चालतो, हे मी परोपरीने सांगितले. ओल गेली असती तर तिथे तरी कसा चालला असता? कोणी बघायलाच तयार नव्हते.

रात्री पुण्याला पुतण्याला फोन लावला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर पिवळा त्रिकोण आणि कोड 39, म्हणजे ड्रायव्हर लोड होत नाही, असे दिसत होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, कीबोर्डसोबत कोणते ड्रायव्हर लोड करायचे ते सांगणारी 'अपरफिल्टर्स' नोंद असते; तीत विंडोजच्या स्वतःच्या 'केबीडीक्लास' ड्रायव्हरच्या जोडीला तुमच्या ड्रायव्हरचे नाव होते, पण त्या नावाची फाइलच मशीनमध्ये नव्हती. ही नोंद सगळ्याच कीबोर्डना लागू होते, म्हणून यूएसबीचाही चालला नाही. नोंदीची प्रत ठेवून ते नाव काढले, 'केबीडीक्लास' तसेच राहू दिले, रीस्टार्ट केले. कीबोर्ड सुरू झाला. एक रुपयाचा पार्ट लागला नाही.

तेव्हा माझे 450 रुपये परत करा, बिघाड ड्रायव्हरचा होता असे लेखी द्या आणि तो अपडेट मागे घ्या. कीबोर्ड बदला म्हणण्याआधी बायोसमध्ये तपासा, अशी सक्त सूचनाही सेंटरला द्या. माझ्यासारखे केंद्रचालक गावोगावी आहेत. प्रत्येकाला पुतण्या नसतो.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

सोबत तपासणीची पावती आणि कोड 39 चा फोटो जोडला आहे.

आपला ग्राहक,
सेवा केंद्र चालक