बेघरांच्या पासाआधी कागदाचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात प्रवासासाठी ‘बेघरांना मोफत पास द्या’ ही मागणी वाचली. लेखकाच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण लेख वाचून संतापही आला, कारण जवळपास फुकटात मिळणारा पास आधीपासूनच आहे. रेल्वेचा ‘इज्जत’ पास 2009 साली सुरू झाला. असंघटित क्षेत्रातल्या गरिबासाठी महिन्याला 25 रुपये, 150 किलोमीटरपर्यंत. मुंबईची अख्खी उपनगरी लाईन त्यात मावते, कसाऱ्यापर्यंत आणि डहाणूपर्यंतही. हा पास पदपथावर झोपणाऱ्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

पहिली अडचण उत्पन्नाची. महिन्याला 1500 रुपयांपर्यंत कमाई असेल तरच हा पास. म्हणजे दिवसाला 50 रुपये. नाक्यावर उभा राहून आठवड्याला दोन दिवस बिगारी काम मिळालं तरी माणूस या मर्यादेच्या बाहेर जातो. भंगार वेचणारी बाईसुद्धा बसत नाही. ज्याची कमाई खरोखर 50 रुपयांच्या आत आहे त्याला रोजच्या कामाचा प्रवासच नसतो. ही मर्यादा 2009 ची आहे, तेव्हापासून तिकिटं आणि मजुरी कुठल्या कुठे गेली. दुसरी अडचण दाखल्याची. पासासाठी सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि राहण्याचा पुरावा लागतो. सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यालाही पत्त्याचा पुरावा मागतात. ज्याला घर नाही त्याला दोन खिडक्यांवर दोनदा घराचा पत्ता विचारला जातो आणि तिथेच काम संपतं.

पत्त्याचा हा पुरावा मिळवायची वाट आहे, पण ती क्रमाने चालावी लागते. हा क्रम माहीत नसल्यामुळे चांगल्या संस्थाही महिनोन्महिने घालवतात. सगळे आधी आधार केंद्रात जातात. जायला हवं मतदार नोंदणीकडे. निवडणूक आयोगाची सूचना स्पष्ट आहे: बेघर माणसाने नमुना 6 मध्ये, म्हणजे नव्या मतदाराच्या अर्जात, तो झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. बीएलओने, म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीच्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचं, एकाहून अधिक रात्री पाहायचं, आणि खात्री झाली की पत्त्याचा कोणताही कागद मागायचा नाही. ही सूचना खुद्द बऱ्याच बीएलओंना माहीत नसते. ते दुपारी येतात, जागेवर कोणी नसतं, अर्ज फेटाळला जातो. म्हणून अर्जाला आयोगाच्या या सूचनेची प्रत जोडा. पत्त्यात ‘पुलाखाली’ एवढंच लिहून भागत नाही. पुलाच्या खांबाचा क्रमांक, समोरच्या दुकानाचं नाव, झोपायला येण्याची वेळ, सगळं लिहा. भेटीच्या रात्री संस्थेचा कार्यकर्ता तिथे हजर हवा, नाहीतर सरकारी माणूस चौकशीला आला म्हणून लोक गाठोडं उचलून निघून जातात. मतदार कार्ड टपालाने येतं आणि खांबाला टपालपेटी नसते, तेव्हा ते मतदार नोंदणी कार्यालयातून हातात घेण्याचं आधीच लेखी ठरवून ठेवा.

हे कार्ड हाती आलं की आधारसाठी ओळख आणि पत्ता दोन्ही त्यावर भागतं. कार्ड नसेल तर बेघरांच्या मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. ते साध्या लेटरहेडवर दिलं तर केंद्रातून परत येतं, आणि नेमकं तेच सर्रास होतं. नगरसेवक किंवा आमदाराचं प्रमाणपत्रही चालतं, पण तेही ठरलेल्या नमुन्यातच हवं आणि 3 महिन्यांच्या आत वापरायला हवं. मार्च 2022 मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षं वॉर्डात नगरसेवकच नव्हते, तेव्हा यातला नगरसेवकाचा रस्ता बंद होता. 18 वर्षांवरच्या नव्या आधार नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि तिला 180 दिवसांपर्यंत लागू शकतात. इतका काळ एका जागी टिकणं हीच बेघर माणसाची सगळ्यात मोठी अडचण. मजुरीने बोटांचे ठसे झिजलेले असतात, तिथे डोळ्यांच्या बुबुळांवर नोंदणी करण्याचा आग्रह धरावा.

आणि मग एका सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि गाठोडं उचलून नेते. कागद त्यातच असतात. वर्षभराची मेहनत ट्रकमध्ये जाते आणि माणूस पुन्हा पहिल्या खिडकीवर. निवाऱ्याच्या नोंदवहीत प्रत्येकाच्या मतदार कार्डाचा आणि आधारचा क्रमांक लिहिलेला असेल तर नमुना 8 चा अर्ज भरून दुसरं मतदार कार्ड मिळतं. क्रमांक नसेल तर शोधण्यातच महिने जातात. निवाऱ्यात प्रत्येकासाठी कुलूप लावता येईल असा एक कप्पा द्या. पासाच्या कोणत्याही घोषणेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

एसटीचं उदाहरण बघा. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे, पण वयाचा पुरावा दाखवल्यावर. मार्च 2023 मध्ये महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा समोर बाई आहे एवढं वाहकाला पुरलं. बेघर बाईला ती सवलत त्याच दिवशी मिळाली. बेघर म्हाताऱ्याला मात्र आजही पूर्ण तिकीट पडतं, कारण त्याचं वय सांगणारा कागद त्याच्याकडे नाही.

तोवर काय करायचं? कागदाशिवाय चालेल अशी तिकिटं निवाऱ्यांच्या हाती द्यायची. अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिथली बससेवा बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांना तिकिटं दर्शनी किमतीच्या दहाव्या हिश्श्यात विकते आणि संस्था ती फुकट वाटतात. बेस्टला हे जमण्यासारखं आहे. मे 2025 पासून साध्या बसचं किमान भाडं 10 रुपये आहे. 50 जणांच्या निवाऱ्यात रोज 10 जणांना रुग्णालयात, कामावर किंवा कोर्टात जायचं धरलं तर जाऊन येऊन 200 रुपये, 26 दिवसांचे 5,200. दहाव्या हिश्श्यात 520. दैनिक पास 75 रुपयांचा आहे. एकदा जाऊन एकदा यायचं असेल तर तो घेऊ नये, सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. तिकिटं विकली जातील हा आक्षेप येतोच. तारखेचा आणि निवाऱ्याचा शिक्का मारा, एका वेळी दोनच द्या, त्याच दिवसापुरती ठेवा. खरी गडबड वाहकापाशी होते. प्रत्येक आगारात परिपत्रक लागलं नसेल आणि हातातल्या यंत्रात या तिकिटाचा कोड नसेल तर वाहक माणसाला खाली उतरवतो. बिनवाहकाच्या गाड्यांचा विचार वेगळा करावा लागेल.

या शहरात निवारे मुळात किती? सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर लाख वस्तीमागे एक निवारा सांगितला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाख, म्हणजे किमान 124 हवेत. ते नाहीत, म्हणून आहेत ते लांब पडतात आणि तिथवर पोहोचायलाच तिकीट लागतं. लोकलमध्ये विनातिकीट सापडला तर भाडं आणि वर 250 रुपये. ते खिशात असते तर 5 रुपयांचं तिकीट त्याने काढलंच असतं.

रेल्वेकडे मागायचं तर दोनच गोष्टी मागा: 1500 ची मर्यादा किमान वेतनाशी जोडा, आणि इज्जत पासासाठी निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र उत्पन्न आणि पत्ता या दोन्हींसाठी धरा.

जाता जाता दोन गोष्टी. मोबाईलच्या वॉलेटमधून तिकीट काढणाऱ्याला रेल्वे सवलत देते. खिडकीवर रोख मोजणाऱ्याला काही नाही, आणि त्यातच बेघर आहेत, म्हातारे आहेत, कामवाल्या बाया आहेत. शिवाय बसथांब्यांवर आता जागोजागी गोल नळ्यांची बाकं आहेत. त्यावर कुणी झोपत नाही हे खरं, पण गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तिथे पाच मिनिटं टेकताही येत नाही. ती बाकं बदलावीत आणि फळीची बसवावीत.

आपला,
एक वाचक, परळ