प्रोग्रॅम बंद पडल्यावर हाती काय उरते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या चौकांत आणि आपल्या वृत्तपत्राच्या पानांवरही वेब डिझायनिंग शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती दिसू लागतात. पाचोऱ्यात डीटीपीचे दुकान चालवताना लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांबरोबर मी लहानमोठी संकेतस्थळेही करून देत आलो आहे. त्यामुळे या दिवसांत पालक आणि दुकानदार येऊन हमखास विचारतात, की अमुक प्रोग्रॅम घ्यावा की तमुक. त्या प्रोग्रॅममध्ये काय काय करता येते याची लांबलचक यादी जाहिरातीत असतेच. पण तो उद्या बंद पडला, किंवा त्याचे पैसे भरणे आपल्याला जमले नाही, तर केलेल्या कामातले आपल्याकडे काय राहते, हे कुठेही छापलेले नसते. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

हे बंद पडणे काल्पनिक नाही. वेब पाने बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेज या प्रोग्रॅमची 2003 नंतर नवी आवृत्ती आली नाही आणि 2006 अखेर कंपनीने ते थांबवले. त्याच्या जागी आलेले एक्सप्रेशन वेब 2012 च्या डिसेंबरमध्ये फुकट करून टाकले आणि पुढचे काम सोडून दिले. कोडची एकही ओळ न लिहिता पान तयार करून देणाऱ्या अ‍ॅडोबी म्यूझचा आधार 2020 मध्ये संपला आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पानांवर हलती चित्रे दाखवणारे फ्लॅशही गेले. पाने बांधण्याचा ड्रीमवीव्हर हा प्रोग्रॅम 1997 मध्ये मॅक्रोमीडियाने आणला, 2005 मध्ये ती कंपनीच अ‍ॅडोबीने घेतली, आणि 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या विकत नव्हे, वर्गणीने मिळतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत केलेले, एचटीएमएल या वेब पानांच्या मूळ भाषेतले आरंभीचे साधे पान मात्र आजच्या मोबाइलवरही बिनतक्रार उघडते. प्रोग्रॅम येतात आणि जातात, फाइल साधी असेल तर ती राहते.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याने चित्रे ओढून-सोडून पान बनवून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेवर आपले संकेतस्थळ हौसेने उभे केले होते. नूतनीकरणाची रक्कम वाढली, तेव्हा ते दुसरीकडे न्यावे म्हणून तो माझ्याकडे आला. फोटो एकेक करून उतरवता येत होते, मजकूर उचलून चिकटवता येत होता, पण पान म्हणून जे काही होते ते त्या सेवेबाहेर काढण्याची वाटच नव्हती. आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार त्या उचलाउचलीत घालवला आणि पान पुन्हा पहिल्यापासून बांधले. तरी त्याचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, त्याच्याच मालकीचे होते, हे नशीब. आपल्याकडे ते बहुधा करून देणाऱ्याच्या नावावर असते आणि मालकाला त्याचा पत्ता भांडण झाल्यावर लागतो. नुसता पत्ता, नकाशा आणि फोन नंबर दाखवायचा असेल, तर अशी सेवा घेण्यात काही गैर नाही. शंभर फोटो आणि पाच वर्षांच्या नोंदी ठेवायच्या असतील, तर बाहेर पडण्याचे दार आधी पाहून ठेवावे.

मराठीसाठी मी प्रत्येक प्रोग्रॅमची एक परीक्षा घेतो. त्यात ‘दुसऱ्या फेरीत शेतकऱ्यांसाठी तऱ्हेतऱ्हेची रोपे’ एवढे लिहितो, पान साठवतो, बंद करतो आणि वेगळ्या मोबाइलवर उघडून पाहतो. ‘ऱ्य’ मोडून ‘र्य’ झाला, किंवा जागोजागी चौकोन आले, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ज्या जिल्ह्यात संकेतस्थळाचा वाचक मुख्यतः शेतकरी, तिथे ‘शेतकरी’ या शब्दाची रूपेच धड उमटत नसतील तर बाकीची नक्षी कशाला? पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-8 (अक्षरे साठवण्याची जागतिक पद्धत) आणि मराठी भाषेचा ‘एमआर’ हा संकेत लिहिण्याची सोय हवी. हा भाषेचा संकेत असला, तर ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात, त्यात ती आपोआप येतात, नाहीतर हिंदीची येतात. एका शाळेचे संकेतस्थळ जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले माझ्याकडे आले होते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत, त्यामुळे ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला मुख्याध्यापकांचे मनोगत म्हणजे कंस, डॉलरची चिन्हे आणि विस्कटलेली इंग्रजी अक्षरे दिसत. गूगलवर शाळेचे नाव मराठीत शोधले तरी ते पान सापडत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची 128 घरे आहेत, तिथे हा घोळ होत नाही.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. ‘केळीचे आजचे भाव’ ही एकच ओळ लिहून पान साठवावे आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. कोड हाताने लिहिला तर सगळे दहा-बारा ओळींत आटोपते. पत्रे टाइप करण्याच्या प्रोग्रॅममधून वेब पेज म्हणून साठवले, तर त्याच एका ओळीसाठी शेकडो ओळींचा पाचोळा निघतो. तो पुढे दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येत नाही, आणि टॉवरची रेंज जेमतेम असलेल्या गावात पान उघडायलाही वेळ घेतो.

यावरून माझा सल्ला असा, की शिकणाऱ्या मुलाने कोड लिहिण्याचा व्हीएस कोडसारखा फुकट प्रोग्रॅम आणि एक ब्राउझर एवढ्यावर सहा महिने काढावेत. हा प्रोग्रॅम संगणकावरच चालतो, त्यामुळे नेट गेले, वीज गेली तरी इन्व्हर्टर असेपर्यंत काम थांबत नाही. दुकानदाराने किंवा संस्थेने, ज्यांना मजकूर वरचेवर बदलायचा आहे, संकेतस्थळ चालवण्याचे वर्डप्रेस घ्यावे. ते 2003 पासून आहे, मुक्त परवान्याचे आहे, मराठीत वापरता येते आणि लेख एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. मात्र ते स्वतःच्या होस्टिंगवर (संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर) टाकले, तर अपडेट करत राहणारा माणूस लागतो, कारण दुर्लक्षित वर्डप्रेसमध्ये घुसखोरी फार लवकर होते. ड्रीमवीव्हर वाईट नाही. पण त्याची वर्गणी भरून निघेल एवढे काम ज्याच्याकडे आहे, त्यानेच त्याच्या वाटेला जावे. परवाना मोडून क्रॅक केलेली प्रत पेन ड्राइव्हवरून फिरते ती घेऊ नये. तिच्याबरोबर काय येते हे माझ्या दुकानातल्या एका संगणकाने मला चांगलेच शिकवले आहे.

क्लासचालकांना माझी विनंती एवढीच, की कोणता प्रोग्रॅम, त्याची कोणती आवृत्ती आणि ती परवान्याची आहे की नाही, हे जाहिरातीत फीच्या शेजारी छापावे; आणि कोर्स संपताना विद्यार्थ्याला प्रमाणपत्राबरोबर त्याने केलेल्या पानांच्या फाइलीही पेन ड्राइव्हवर द्याव्यात.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक
पाचोरा, जि. जळगाव