आई-बाबा, मी आता पूर्णवेळ चित्रंच काढते

पुणे, रविवार, १३ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू वाचून दाखव. मोतीबिंदूचं होईपर्यंत बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी तूच वाच. आणि दुपारचं जेवण होऊन गोळ्या घेतल्या की मग वाच, आधी नको.

फोनवर सांगायचं तीन-चारदा ठरवलं होतं. पण फोन लागला की बाबांचा पहिला प्रश्न, "ऑफिस काय म्हणतंय?" आणि माझ्या तोंडून "चाललंय" निघून जातं. ते खरं नव्हतं. मी नोकरी सोडली. ३१ मार्चला शेवटचा दिवस होता. पाडव्याला मिरजेला घरी आले तेव्हा राजीनामा देऊन महिना झाला होता आणि दुसऱ्या दिवशी फक्त लॅपटॉप परत करायचा राहिला होता. संध्याकाळी गुढी उतरवताना बाबांनी बढतीचं विचारलं आणि मी कलश पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. आई, तुला तेव्हाच काहीतरी कळलं असणार, कारण तू लगेच विषय बदललास.

खोटं बोलले याबद्दल मला माफ करा. नोकरी सोडली याबद्दल माफी मागत नाही, पण का सोडली ते नीट सांगते. पूर्ण ऐका आणि मग रागवा.

फेब्रुवारीत बाबांना स्टेंट बसला तेव्हा मी नऊ दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी, बाबा आत अतिदक्षता विभागात असताना, ऑफिसातून फोन आला की बिस्किटाच्या पुड्याचा लाल रंग थोडा गडद हवाय, आज संध्याकाळपर्यंत करून दे. मी बाकड्यावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन तो लाल गडद केला. बाबा, तुम्ही आत आणि मी बाहेर बिस्किटाचा पुडा रंगवतेय. त्याच रात्री झोप येईना म्हणून, इंटरनेटवर मी माझी चित्रं विकायला ठेवते ते खातं उघडून पाहिलं. त्या दिवसात एकेचाळीस वेळा चित्रं विकली गेली होती. मी एक रेघही ओढली नव्हती. पुढच्या सहा दिवसांतही नाही, तरी रोज आकडा हलत होता. तिथेच ठरलं.

तुमच्या आजारपणामुळे सोडली असं मात्र मनात आणू नका. बाबा, तुम्ही तसं धरून बसाल हे मला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते, तुमच्यामुळे नाही. सहा वर्षं मी हे रात्री जागून करतच होते. त्या बाकड्यावर ते मला नीट दिसलं, इतकंच.

आता काम काय आहे ते. आई, शेजारच्या काकूंना तू "ती कॉम्प्युटरवर काहीतरी डिझाइन करते" म्हणतेस. ते चूक नाही, पण बाबांना त्याने समाधान होणार नाही.

बाबा, ग्रेड परीक्षेच्या मुलांना तुम्ही भूमितीत लंबवर्तुळ शिकवायचात, आधी बिंदू काढा आणि मग हात न थरथरता ते जोडा. मी काढते ते व्हेक्टर चित्र म्हणजे तेच. फोटो असतो बारीक चौकोनांचा बनलेला, मोठा केला की कडा फुटतात. व्हेक्टरमध्ये चौकोन नसतात. काही बिंदू असतात आणि त्यांच्यामधल्या वक्ररेषेचं गणित साठवलेलं असतं. त्यामुळे तेच चित्र हळदीकुंकवाच्या पाकिटावर छापा नाहीतर चौकातल्या फ्लेक्सवर, रेघ तशीच धारदार राहते. या वक्रांना बेझिए वक्र म्हणतात. पियेर बेझिए हा फ्रेंच इंजिनिअर रेनो कंपनीत होता आणि मोटारींच्या पत्र्याचे आकार गणितात बसवायला त्याने १९६०च्या दशकात ते वापरात आणले. मी ज्यात चित्रं काढते ते अडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ साली आलं, म्हणजे माझ्याच वयाचं आहे.

त्यातली कसोटी तुम्हाला आवडेल. बिंदू जितके कमी, तितकी रेघ चांगली. नवशिक्याच्या कोयरीला चाळीस बिंदू लागतात, माझ्या कोयरीला आता सात-आठ पुरतात. "रेघ एकदाच ओढायची, खरवडायची नाही" हे तुमचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा स्वतःला म्हणते.

ही चित्रं मी स्टॉकच्या, म्हणजे तयार चित्रं विकणाऱ्या, संकेतस्थळांवर ठेवते. तिथे चित्र विकलं जातं म्हणजे ते आपल्या हातून जात नाही. घेणारा ते वापरायचा परवाना घेतो, मालकी माझीच राहते आणि तेच चित्र आणखी कितीही जण घेऊ शकतात. घेणारे कोण ते मला कधी कळत नाही. एकदा मात्र लक्ष्मी रोडवर एका दुकानाच्या कापडी पिशवीवर माझी तुळस दिसली. वृंदावनाच्या कोनाड्यातली पणती थोडी डावीकडे कललेली, आपल्या मागच्या दारी आहे तशीच. मी पिशवी घेतली. साडी घ्यावी लागली त्यासाठी, आई, ती तुझी आहे, येताना आणते.

तुला आणखी एक सांगायचं होतं. माझं सगळ्यात जास्त चाललेलं चित्र तुझं आहे. चैत्रांगण. तू ओसरीवर गेरू सारवून काढायचीस आणि मी मागून उकिडवी बसून मोजायचे, गौर, सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, गोपद्मं, करंडा-फणी. माझा पाय एकदा कासवावर पडला होता आणि मी रडले, तेव्हा तू म्हणालीस, कासवाला काही होत नाही, ते आत पाय ओढून घेतं. मी तुझी वहीसुद्धा नेली होती. हरवली म्हणून तू शोधत होतीस ती माझ्याकडेच आहे, पानं सुटायला लागली होती म्हणून बांधून घेतली. त्यातलं एकेक चिन्ह सुटं करून मी संच केला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो रोज जातो. त्याचे पैसे मी वेगळे ठेवलेत, तुझ्या नावावर. नाही म्हणू नकोस.

हे सगळं सोपं होतं असं नाही. २०१९ मध्ये पहिली दहा चित्रं पाठवली, त्यातली सात परत आली. कुठे रेघ बंद नव्हती, कुठे दोन रंगांमध्ये केसाएवढी फट. एकदा लाल एसटी काढली, हुबेहूब, तीही परत आली, कारण दारावर महामंडळाचं बोधचिन्ह होतं आणि कुणाचंही बोधचिन्ह चित्रात चालत नाही. ते काढून टाकलं आणि साधी लाल गाडी ठेवली. आपल्याला बघताच ती एसटी वाटते. प्रत्येक चित्राला नाव द्यायचं आणि खाली शोधायला उपयोगी असे शब्द लिहायचे, अडोबी स्टॉक या संकेतस्थळावर एकोणपन्नासपर्यंत. चित्राला दोन दिवस लागले असले तरी शब्द चुकले तर ते कुणाच्या नजरेलाच पडत नाही. आणि सण उलटे येतात. माझी दिवाळी मे महिन्यात झाली, कारण घेणारे दोन-तीन महिने आधी शोधायला लागतात. आत्ता नाताळ चालू आहे. बाहेर पाऊस आणि टेबलावर बर्फ.

वारली मात्र मी काढत नाही. खूप मागणी आहे, काढायलाही सोपी वाटते. पण तुम्ही आम्हाला सहलीला डहाणूकडे नेलं होतंत, त्या घराच्या भिंतीसमोर उभं करून म्हणाला होतात की ही यांची लिपी आहे, नक्षी नव्हे. त्या कलेला आता भौगोलिक मानांकनही आहे. कुणी विचारलं तर मी तिथल्या कलाकारांकडे जा म्हणून सांगते.

आता पैसे. बाबा, इथे तुम्ही आईला थांबवून दोनदा वाचायला लावाल.

एका डाउनलोडचे बहुतेक वेळा तीस-पस्तीस सेंट मिळतात, म्हणजे पंचवीस-तीस रुपये. अडोबी स्टॉक चित्राच्या किमतीच्या तेहतीस टक्के देतं. वस्तूंवर छापून विकायचा मोठा परवाना कुणी घेतला तर एकाच वेळी वीस-पंचवीस डॉलर येतात, पण ते क्वचित. एका संकेतस्थळाने २०२० च्या जूनमध्ये दर असे बदलले की काही चित्रांचे दहा सेंटच हातात पडायला लागले. तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. त्यानंतर एकाच ठिकाणी सगळं ठेवायचं नाही हे शिकले. आज चार हजारांवर चित्रं चार ठिकाणी आहेत. गेल्या बारा महिन्यांची सरासरी महिना बासष्ट हजार आहे. पगार अठ्ठ्याहत्तर होता. म्हणजे कमी आहे, लपवत नाही. जानेवारी नेहमी कोरडा जातो, ऑगस्ट ते नोव्हेंबर भरतो. शिवाय एका प्रकाशकाचं बालवाडीच्या पुस्तकांचं काम घेतलंय, त्याने फरक भरून निघतो. पैसे रीतसर बँकेत येतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिकडेच पंधरा टक्के कर कापला जातो आणि इथल्या विवरणपत्रात मी तो दाखवते.

पीएफला हात लावलेला नाही. चौदा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही आणि घेणार नाही. काकांच्या प्रेसचं जे झालं ते मी विसरलेले नाही, बाबा. त्या वर्षी तुम्ही सायकलने शाळेत जायला लागलात ते मला आठवतं. इथे यंत्र नाही, भाडं नाही, उधारी नाही. एक संगणक आहे, तोही जुनाच.

आणि हो, संगणक आता स्वतःच चित्रं काढतो, हे तुम्ही पेपरात वाचलं असणार. खरं आहे. साध्या फुलापानांच्या, पार्श्वभूमीच्या चित्रांची माझी विक्री कमी झाली, मी पाहतेय. पण ते यंत्र अजून गुढीचा कलश सुलटा ठेवतं, नऊवारीचा काष्टा त्याला कळत नाही, आणि तंबोऱ्याला वाट्टेल तितक्या खुंट्या लावतं. घेणाऱ्याला साडीचा रंग बदलायचा असतो, एक बाई उचलून दुसरीकडे ठेवायची असते. त्यासाठी प्रत्येक भाग सुटा आणि स्वच्छ असावा लागतो. जे नेमकं आहे आणि जे मी लहानपणापासून बघितलंय तेवढंच काढायचं, असं मी ठरवलंय. काळजी मलाही वाटते. पण बिस्किटाच्या पुड्याचा लाल रंगही उद्या यंत्रच गडद करणार आहे.

तुमच्या कशातही काही बदल होणार नाही. औषधांचं पार्सल दर महिन्याच्या पाच तारखेला येतं तसंच येईल. कामाच्या मावशींचे पैसे, गॅस, वर्तमानपत्र, सगळं पूर्वीसारखं. नव्या गाद्या सांगितल्यात त्या सांगितल्यात, परत पाठवू नका. आणि न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला "आत्ता गरज नाही" म्हणून परत पाठवायचं नाही. आई, हे तुला उद्देशून आहे.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जाणार होता. ती सोय मी राजीनाम्याआधी केली. त्याच विमा कंपनीत दोघांची स्वतंत्र पॉलिसी करून घेतली, म्हणजे जुन्या आजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबायला लागत नाही. हप्ता पुढच्या मार्चपर्यंत भरलाय. पावती कपाटात, निळ्या फाइलमध्ये, पाडव्याला मीच ठेवली. बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झालीत, तेव्हा आयुष्मानचं वय वंदना कार्डही काढायचं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर आहेत, उत्पन्नाची अट नाही. "आपण कशाला सरकारचं घ्यायचं" हे मी ऐकणार नाही. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला फोन तयार ठेवा, मी आले की आपण दोघं जाऊ.

शनिवारी २६ तारखेला पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेसने पोचते. स्टेशनवर कुणीही यायचं नाही, रिक्षा मिळते. या वेळी पंधरा दिवस राहणार आहे, मोतीबिंदूचं होईपर्यंत. माझं टेबल आता कुठेही मांडता येतं. माडीवरची खोली उघडायला जिना चढू नका, मी आले की झाडते. श्रावण लागलेला असेल. आई, सोमवार धर, पण साखरेची गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, राजगिऱ्याचा लाडू तरी खायचा. मीठ कमी म्हणजे कमी. लोणचं बरणीसकट काकूंकडे ठेवायला दे, मी त्यांना फोन केलाय.

बाबा, तुमच्यासाठी एक काम आहे. डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलंय आणि तुम्ही गच्चीत फेऱ्या मारून भागवता, हे मला आईने सांगितलं. आता रोज सतारमेकर गल्लीपर्यंत चालत जायचं, स्कूटर नाही. मी तंबोऱ्याचा संच काढतेय. गेल्या वर्षी २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला मानांकन मिळालं, तरी आहेत ती बहुतेक चित्रं चुकीची आहेत. चार तारा मला माहीत आहेत. पण समोरच्या दोन खुंट्या आणि बाजूच्या दोन यांच्यात नेमकं किती अंतर असतं, भोपळ्याचा घेर दांडीला मिळतो तिथे रेघ कशी वळते आणि घोडीवर तारेखाली जिव्हाळीचा दोरा कुठे बसतो, हे फोटोत कळत नाही. तुम्ही दुकानात बसा, चहा घ्या, बिनसाखरेचा, आणि पेन्सिलीने काढून ठेवा. डोळ्यांना ताण येईल इतकं बारीक नको. हात थरथरला तरी चालेल, बिंदू मी नीट ठेवीन.

तुमची,
छोटी

ता. क. दादाला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आधी सांगू नका. त्याला मीच सांगते.