गोव्याची खरेदी किनाऱ्यावर नको, बाजारात करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याकडच्या गाड्यांनी गोवा भरून जातो. परतताना बहुतेकांच्या पिशवीत काजूची पाकिटं, फेणीची बाटली आणि बेबिंका (नारळाच्या दुधाची थरांची मिठाई) असतो. पण कळंगुट-बागाच्या रस्त्यावर ‘गोव्याचा माल’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंच गोव्यात पिकलेलं नसतं. खरा माल मिळतो, फक्त कुठे, कधी आणि काय विचारून घ्यायचा हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही.

काजू घ्या. इथलं पीक इथल्याच कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी येते आणि इथे फोडून, सोलून विकली जाते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते तोच गर ‘गोव्याचा’ म्हणून चढ्या भावाने खपवणं. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं. त्यामुळे बी कुठली, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे आणि ज्याच्याकडे इथली बी आहे तो दुकानदार ते अभिमानाने सांगतो.

दुसरी फसगत आकाराची. डब्ल्यू-180, डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 हे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात त्याची मोजणी. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. सुट्टा माल घेताना शंभर ग्रॅम तोलायला सांगा आणि गर मोजा. 180 नंबरचे चाळिसाच्या आत भरतात, 320 नंबरचे 66 ते 70. पन्नासच्या पुढे गेले तर तो 180 नव्हे, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. एक गर मोडूनही बघा. कट्‌कन तुटला तर सुका. वाकला, दाताला चिकटला तर दमट हवा खाल्लेला. उघड्या बरणीतला काजू समुद्राकाठी फार लवकर मऊ पडतो. मसाला लावलेला घ्यायचा असेल तर आधी त्यांचाच साधा काजू चाखा, कारण खवटपणा मिरी-मिठाखाली सहज लपतो.

हुर्राक आणि फेणीचंही तसंच. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, साधारण 15 टक्के तीव्रतेचा. त्यात आंबलेला रस घालून पुन्हा गाळली की फेणी, 42 ते 45 टक्के. हुर्राक टिकत नाही. फेब्रुवारीअखेर ते मे एवढाच त्याचा हंगाम. डिसेंबरात कोणी बिनलेबलच्या बाटलीतून ‘ताजा हुर्राक’ पुढे केला तर तो ताजा असूच शकत नाही. काजू फेणीला 2009 मध्ये मानांकन मिळालं आहे. बाटली काचेची घ्या, तीव्रता आणि उत्पादकाचा पत्ता छापलेली. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत भरलेली फेणी चार दिवसांत प्लास्टिकचा वास धरते. आणि दुकानदाराने दिलेला परवाना गोव्यातून दारू बाहेर नेण्यापुरता असतो, महाराष्ट्रात आणण्याचा नव्हे. महाराष्ट्राचा कर न भरलेली बाटली तिकडचं उत्पादन शुल्क खातं जप्त करतं आणि गुन्हाही नोंदवतं. ‘दोन बाटल्या चालतात हो’ यावर कोणी विसंबू नये.

आता बाजार. मे महिना म्हणजे पुरुमेताचा, आपल्या कोकणातल्या आगोटीचा. म्हापशाला शुक्रवारी आणि मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या दिवसांत पावसाळ्याची बेगमी मांडलेली असते: सुकं मासळ, आमसुलं, चिंच, फणसाचे पापड, माडाचा व्हिनेगर, मिरच्या. काणकोणची खोला आणि पेडण्याची हरमल, या दोन्ही मिरच्यांना मानांकन आहे. मूठभर मिरच्या कानाशी हलवा; बिया खुळखुळल्या तर वाळलेल्या आहेत. नुसत्या वाकत असतील तर जूनमध्ये बुरशी ठरलेली. घरी नेल्यावरही दोन उन्हं द्या, मगच डब्यात भरा. व्हिनेगर पाण्यासारखा नितळ असेल तर संशय घ्या. माडाचा व्हिनेगर गढूळसर असतो आणि तळाशी साका बसतो. सुकं मासळ वासावर घ्या, रंगावर नको. हा माल विकणाऱ्या बायका सकाळी लवकर बसतात, दुपारी बारानंतर चांगला माल उरत नाही.

मासळीबद्दल थोडक्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेला इसवण (सुरमई) बहुधा बर्फातला किंवा बाहेरचा. तेव्हा खाडीचं आणि खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतलं) मागा: शेवटे, काळुंद्रे, सुंगटे (कोळंबी). मासा वजनावर असेल तर भाव, वजन आणि ते वजन डोक्यासकट की साफ केल्यावर, हे तिन्ही तळण्याआधी ठरवून घ्या. बिलावरची भांडणं बहुतेक इथेच होतात.

रात्रीच्या पार्टीचं तिकीट काढणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सरकार वर्षातून फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पहाटेपर्यंत किनाऱ्यावर संगीत, अशी जाहिरात असेल तर जागा बंदिस्त आहे का हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपल्या पर्यटन पुरवणीत शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांच्या, याद्या छापून येतात. त्यांच्या शेजारी महिनावार बाजाराचं कोष्टक छापावं, ही विनंती. आणि सरकारने सुट्ट्या काजूच्या प्रत्येक बरणीवर बी कुठली आणि नंबर कुठला, हे लिहिणं सक्तीचं करावं. सत्तरी-सांग्याच्या डोंगरात बिया वेचणाऱ्या बागायतदाराला आयात मालाच्या भावाशी झुंजावं लागतं. त्याच्या मालाचं नाव तरी दुसऱ्याच्या मालाला लागू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, म्हापसा