आशाताई, त्या रिकाम्या चमच्यासाठी

प्रिय आशाताई,

मे महिन्यातली ती दुपार तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. नागपूरचा पारा ४५च्या घरात, कूलरमधूनही गरमच वारा येत होता. मानेवाड्यात आमच्या शेजारच्या बाळंतिणीला पाहून तुम्ही निघाला होतात आणि आमच्या दारात पाणी प्यायला थांबलात. आशा कार्यकर्ती म्हणून बाळांसाठीच्या तुमच्या गृहभेटी ठरलेल्या असतात: तिसरा महिना, सहावा, नववा, बारावा, पंधरावा. आमची लेक तेव्हा साडेचार महिन्यांची होती. म्हणजे ती भेट तुमच्या वहीत नव्हतीच. माझा उतरलेला चेहरा पाहून तुम्ही आत आलात.

लेक रात्री तीन-तीनदा उठायची, दिवसभर मुठी चोखायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, हिचं पोट भरत नाही, वरणाचं पाणी सुरू कर. एवढ्या उन्हाळ्यात निदान साधं पाणी तरी पाज. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात म्हणून सासूबाईंनी पाचव्यातला दिवसही पाहून ठेवला होता. माझंच दूध कमी पडतंय, असं वाटून मी रोज रडायची.

तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. आधी कार्ड मागितलंत. जन्माचं वजन २.८ किलो, आता ६.१. दिवसातून किती वेळा लंगोट ओला होतो, ते विचारलंत. सात-आठ वेळा, म्हटल्यावर म्हणालात, "मंग दूध पुरून राहिलं ना जी. काहून घाबरता? मुठी तर या वयात सगळीच पोरं चोखतात." मग एक स्वच्छ चमचा मागितलात. रिकामा.

लेकीला मांडीवर बसवलंत. पाठीला हात लावूनही ती एका बाजूला कलत होती, मान डुगडुगत होती. तुम्ही चमचा तिच्या खालच्या ओठाला हलकेच टेकवला. जीभ लगेच पुढे आली आणि तिनं चमचा बाहेर ढकलला. पुन्हा टेकवलात, पुन्हा तेच. "पाहा, जीभ अजून दारात पहाऱ्यावर बसून आहे. आता घास दिला तर बाहेर तरी येईन, नाही तर घशात अडकन."

मग सासूबाईंकडे वळून म्हणालात, "आजी, सहा महिने पूर्ण झाले की सातवाच लागते ना? तोही विषमच." सासूबाई क्षणभर थांबल्या आणि हसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात पाचव्या महिन्याचा विषय निघाला नाही. पाण्याचंही तुम्हीच समजावलंत. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. वरचं पाणी पाजलं तर इवलंसं पोट त्यानंच भरतं आणि बाळ दूध कमी पितं. "पाण्याचा तांब्या तुम्ही जवळ ठेवा, तिला पाजा ते फक्त दूध."

एक गोष्ट तेव्हा बोलले नव्हते, ती आज सांगते. आदल्याच रात्री मी तिला दोन चमचे वरणाचं पाणी पाजलं होतं. तिला असा ठसका लागला की माझे हातपाय गार पडले. तुम्ही चमचा पुढे केलात तेव्हा त्या ठसक्याचं कारण मला डोळ्यांनी दिसलं.

जूनच्या शेवटी तुम्ही सहाव्या महिन्याच्या भेटीला आलात. तोच चमचा. या वेळी लेक थोड्याशा आधारानं ताठ बसली होती, मान स्थिर. माझ्या ताटाकडे झेपावत होती. चमचा जवळ येताच तिनं स्वतःच तोंड उघडलं आणि ओठ मिटून तो धरला. आत्याबाईंचं म्हणणं, उष्टावण चातुर्मास संपल्यावर करू. तुम्ही त्यांनाही दुखावलं नाहीत. "कार्यक्रम कवाही करा, घास मात्र आजपासून." बाळ पोटातून जे लोह सोबत आणतं ते सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि पुढची गरज नुसत्या दुधानं भागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी तुम्ही आमच्या ओट्याशी उभ्या राहून वरण-भात हातानं कुस्करलात, वर थोडं तूप. चमचा तिरपा करून दाखवलात, घास लगेच ओघळता कामा नये. वरणाचं नुसतं पाणी दिलं तर डाळ भांड्यातच राहते. मीठ-साखर वर्षभर नको, आणि वर्षाच्या आत मध तर चाटवायचाच नाही. दूध सुरूच ठेवायचं. पहिले दोन-तीन चमचेच खाल्ले तिनं, अर्धं हनुवटीवर. सासूबाईंनी पदरानं पुसलं.

आता या महिन्याअखेर तुम्ही नवव्या महिन्याच्या भेटीला याल. दारात उभ्यानं पाणी पिऊन जाऊ नका, ताई. आत बसा. लेक हल्ली आपल्या मुठीतला मऊ भात समोरच्याच्या तोंडात कोंबते. पहिला घास तुमचा.

तुमची,
मानेवाड्याची एक आई