शेवटच्या सायकलचा वेग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या लांब पल्ल्याच्या गटसफरीची बातमी वाचून फार आनंद झाला. सामानाची यादी तू नीट केली आहेस, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. गटाबरोबरचा एक अख्खा दिवस कसा जातो आणि एकटीने सायकल चालवण्यापेक्षा त्यात निराळे काय असते, तेवढेच सांगते.

सकाळचा पहिला तास फसवा असतो. पाय ताजे असतात, वारा पडलेला असतो आणि कोणीतरी उत्साहाच्या भरात पुढे निघून जातोच. त्याच्यामागे लागू नकोस. शरीरात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, जोरकस श्रमांना साधारण दीड-दोन तास पुरते आणि ते सकाळीच उधळले, तर दुपारी पाय उचलत नाहीत. म्हणून भुकेची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतके थोडे थोडे खात राहा.

सगळ्यांनी मिळून एकाच वेगाने जाण्याची रीत जुनी आहे. १९०४ साली फ्रान्समध्ये क्रीडा पत्रकार आंरी देग्रांज यांच्या पुढाकाराने ऑडॅक्स सफरी सुरू झाल्या, त्यांत मार्गप्रमुख पुढे राहून वेग राखतो आणि कोणी त्याच्या पुढे जात नाही, ताशी २२.५ किलोमीटर हा त्यांचा ठरलेला वेग. मला ही शिस्त आवडते, कारण गटाचा खरा वेग शेवटच्या सायकलचा असतो आणि पुढच्याने तो ओळखला नाही, तर संध्याकाळपर्यंत गट उरत नाही, नुसते विखुरलेले स्वार उरतात.

हे सर्वांत जास्त जाणवते ते समोरून वारा सुटल्यावर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तू ताशी २० किलोमीटरने चालली असशील आणि समोरून १५ किलोमीटरचा वारा आला, तर अंगाला हवा ३५च्या वेगाने लागते, म्हणजे रोध तिपटीने वाढतो. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिलीस तर त्यातला मोठा भार हलका होतो आणि म्हणूनच पुढे राहण्याच्या पाळ्या लावतात. तुझी पाळी आली की वेग वाढवायचा नाही, ही गोष्ट ऐकायला सोपी आणि पाळायला अवघड आहे. मागे विश्रांती मिळालेली असते, त्यामुळे पुढे येताच पाय आपोआप जोर लावतात आणि शेवटचा स्वार तुटतो. डोळा वेगदर्शकावर ठेव, होता तोच वेग चालू दे आणि दम संपायच्या आधी, मागे पाहून, बाजूला हो.

मागे असताना तुझे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नकोस. तो जरा सरकला आणि चाकाला चाक लागले, तर बहुधा मागचाच पडतो. नजरही त्याच्या चाकावर न खिळवता खांद्यावरून पलीकडे रस्त्यावर ठेव. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि थांबायचे असेल तर आधी ओरडून सांगायचे, कारण पुढच्याने किंचित ब्रेक लावला, तरी तो धक्का मागे जाताना वाढत जातो.

चढावर मात्र आडोशाचा फारसा उपयोग नाही. तिथे प्रत्येकाने हलका गिअर टाकून आपापल्या दमाने चढावे आणि माथ्यावर थांबावे. शेवटचा आला की लगेच निघणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. विसाव्याची गरज त्यालाच जास्त असते. उतारावर अंतर वाढव आणि वेग वळणाच्या आधीच कमी कर, वळणात नव्हे.

पंक्चर कोणाचे ना कोणाचे होतेच आणि दहा जण भोवती उभे असले की घाई होते. नवी ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोटाची टोके सावकाश फिरवायची. पुष्कळदा ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी तार रबरात रुतून बसते. बाहेरून ती दिसत नाही, बोटाला मात्र टोचते. ती न काढता ट्यूब घातली, तर थोड्याच अंतरावर हवा पुन्हा जाते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोध आणि ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरशी जुळवून पाहा, म्हणजे नेमकी जागा कळते.

दुपारनंतर बोलणे कमी होते, ते स्वाभाविक आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले, तर हँडलवरची पकड बदल. तळहातावर भार पडून तिथली नस दबलेली असते. मुक्कामी पोहोचल्यावर आधी साखळी पुसून तेल घालून घे आणि मग अंघोळीला जा, कारण एकदा बसलेले माणूस पुन्हा सायकलीकडे जात नाही.

एक राहिले. तुझ्या रिमचे भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचे आहे की जाड श्रेडरचे, ते आजच पाहा आणि त्याच जातीच्या दोन ट्यूब बरोबर घे. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जात नाही आणि इतरांकडच्या ट्यूब तुझ्या चाकाच्या मापाच्या असतीलच असे नाही. पाहिलेस की कळव.

तुझी,
आई